वावडें

मराठी भाषेंत 'वावडें' हा एक फार सोयीचा शब्द आहे. कोणास कारल्याचें वावडें असतें, कोणास पाहुण्यांचें, कोणास खऱ्याचें. पंगतींत एकाद्या जांवईबापूंनीं 'आम्हांस वांग्याचें वावडें आहे' असें म्हटलें, तर वांगें त्यांस बाधतें असाही त्याचा अर्थ होतो, आणि आवडत नाहीं असाही होतो. दोहोंपैकीं कोणता घ्यावयाचा हें वाढणारणीनें आपल्या अनुभवावरून ठरवावें अशी चाल आहे. मोठ्या माणसांच्या बाबतींत या संदिग्धपणानें फारसें कोणाचें नुकसान होत नाहीं. परंतु हल्लीं लहान मुलांच्या संबंधांत हाच शब्द, किंवा त्याच्या जागीं आलेला 'ॲलर्जी' हा शब्द, घरोघर ऐकूं येऊं लागला आहे, आणि तेथें हे दोन अर्थ निराळे ठेवणें अगत्याचें झालें आहे. एका अर्थीं मूल ताट पुढें ढकलतें. दुसऱ्या अर्थीं त्याचा घसा सुजून श्वास कोंडतो.

आमचें घर पारनेरचें. सेनापति बापटांची जन्मभूमि एवढें सांगितलें कीं बहुतेक वाचकांस गांवाची ओळख पटते. ज्यांस तेवढ्यानें पटत नाहीं त्यांनीं पुणें-नगर रस्त्यावर सुप्याशीं आंत वळावें. पाऊस बेताचा आणि भिस्त सारी ज्वारी-बाजरी, मूग, वाटाणा यांवर. त्यामुळें या तालुक्यांतील पुष्कळ घरांचा एक पाय पारनेरांत तर दुसरा मुंबईंत, हें पिढ्यान् पिढ्या चालत आलें आहे. आमच्या घरचीही तीच गत. वडील बंधूंचें कुटुंब व आम्ही येथें, आणि दोन पुतणे आपापल्या बिऱ्हाडांसह मुंबईस. मे महिन्यांत व सणावारीं सारीं एकत्र होतात, आणि मग चुलीवर (चूल कसली, गॅसच तो, पण शब्द सुटत नाहीं) पंधरा-सोळा पानांचा स्वयंपाक होतो. या एकाच घरांत वावड्याचे दोन्ही प्रकार, खोटा आणि खरा, दोन वर्षांच्या अंतरानें आम्हांस पाहावयास मिळाले.

पहिला प्रकार धाकट्या पुतण्याच्या मुलीचा. वय वर्षें पांच. नाक सदा गळतें, सकाळीं उठल्याबरोबर दहा-बारा शिंका, मधून मधून पोट दुखल्याची तक्रार, आणि जेवावयास बसण्याचा कंटाळा. अशीं मुलें मुंबईंत मजल्यागणिक सांपडतील. परंतु आईबाप दोघेंही शिकलेलीं, दोघेंही नोकरीस जाणारीं, आणि मुलीच्या बाबतींत आपल्याकडून कांहीं राहूं नये अशी दोघांचीही तळमळ. कोणी तरी त्यांस सांगितलें कीं, हें सारें अन्नाच्या ॲलर्जीमुळें होतें व तिची तपासणी आतां घरबसल्या करून मिळते. एका प्रयोगशाळेचा माणूस दारीं आला, मुलीच्या दंडांतून नळीभर रक्त घेऊन गेला, आणि आठवड्यानें एक सुबक पुस्तिका हातीं पडली. तींत दोनशेंवर खाद्यपदार्थांचीं नांवें, व प्रत्येकापुढें हिरवा, पिवळा अगर तांबडा रंग. गहूं तांबडा, दूध तांबडें, तूरडाळ तांबडी, हरभरा पिवळा, केळें पिवळें. बदकाच्या मांसासारखे जे पदार्थ आमच्या घराण्यांत कोणीं डोळ्यांनींही पाहिलेले नाहींत, ते मात्र स्वच्छ हिरवे! जें नित्य पोटांत जातें तेंच नेमकें तांबडें निघावें आणि जें कधीं गेलेंच नाहीं तें निर्दोष ठरावें, ही गोष्ट खरें म्हणजे कोणाच्याही नजरेंत भरावयास हवी. पण छापील कागदाचा आणि रंगांचा महिमा मोठा असतो.

चार महिने त्या मुलीनें भात, मुगाचें पाणी आणि दुध्याची भाजी यांवर काढले. वजन दीड किलोनें उतरलें. नाक पूर्वींइतकेंच गळत होतें. मे महिन्यांत सारीं पारनेरास आलीं, त्या वेळीं पंगतींत भावंडांच्या पानांवर आमरस-पोळी आणि हिच्या पानावर भात. तिनें हट्ट केला नाहीं. शेजारच्या भावानें वाटी पुढें केली तेव्हां 'मला तें रेड आहे' एवढेंच तिनें समजुतीनें सांगितलें. पांच वर्षांच्या मुलीच्या तोंडची ती समजूत आम्हांस पाहवली नाहीं.

मुंबईस परत गेल्यावर पुतण्यानें तिला एका बालरोगतज्ज्ञ बाईंकडे नेलें. त्यांनीं पुस्तिका हातांत घेतली, मिटून बाजूस ठेवली, आणि एकच प्रश्न निरनिराळ्या तऱ्हांनीं विचारला: पोळी खाल्ल्यावर किती वेळानें काय होतें? दूध प्याल्यावर काय होतें? अंगावर गांधी उठतात काय? ओंठ सुजतात काय? वांती होते काय? उत्तर सर्वांस एकच. कांहीं होत नाहीं. चार वर्षें पोळी खात होती, तेव्हांही कांहीं होत नव्हतें. मग त्या बाईंनीं मुलीच्या हातावर चार-पांच द्रव्यांचीच त्वचेची चाचणी केली. गहूं व दूध यांच्या जागीं कांहीं उठलें नाहीं. गाद्या-उशांच्या धुळींत राहणाऱ्या सूक्ष्म किड्यांच्या अर्काच्या जागीं मात्र चांगली गांधी उठली. शिंकांचें मूळ बिछान्यांत होतें, स्वयंपाकघरांत नव्हतें. पोटदुखी मलावरोधाची निघाली. त्या रात्रीं मुलीनें दोन पोळ्या खाल्ल्या, आणि आईनें त्या मोजल्या.

तर मग त्या रंगीत पुस्तिकेंत मोजलें होतें तें काय? आपल्या रक्तांत निरनिराळ्या जातींचीं रक्षक द्रव्यें असतात. त्यांपैकीं आय-जी-जी नांवाचें जें द्रव्य, तें आपण जें अन्न नेहमीं खातों त्यासंबंधीं निरोगी माणसाच्याही रक्तांत तयार होतें. तें पदार्थ खाल्ल्याची खूण आहे, बाधल्याची नव्हे. युरोपांतील ॲलर्जीतज्ज्ञांच्या संस्थेनें २००८ सालीं, अमेरिकेंतील संस्थेनें २०१० सालीं व कॅनडांतील संस्थेनें २०१२ सालीं असें स्पष्ट जाहीर केलें आहे कीं, या तपासणीवरून अन्नाचें वावडें ठरवूं नये. तरीही मोठ्या शहरांतून ती विकली जाते, कारण तिला गिऱ्हाईक आहे. काळजी करणारे आईबाप हें जगांतील सर्वांत सोपें गिऱ्हाईक होय.

खऱ्या वावड्यांत ज्याचा संबंध येतो तें द्रव्य निराळें. त्याचें नांव आय-जी-ई. तें किमिशिगे व तेरुको इशिझाका या जपानी दांपत्यानें अमेरिकेंत डेन्व्हर येथें १९६६ च्या सुमारास शोधून काढलें, आणि त्याच वेळीं स्वीडनमधील योहान्सन व बेनिक यांसही तें स्वतंत्रपणें सांपडलें; १९६८ सालीं जागतिक आरोग्य संघटनेच्या बैठकींत त्याचें नांव कायम झालें. त्वचेची चाचणी मात्र याहून पुष्कळ जुनी. न्यूयॉर्कच्या ऑस्कर श्लॉस यांनीं १९१२ सालीं एका मुलाच्या त्वचेवर ओरखडे काढून त्यांवर अन्नांचे अर्क लावले, आणि अंडें, बदाम व ओट हीं तीन अन्नें त्यास बाधतात असें दाखविलें. आज ओरखडा काढीत नाहींत. हातावर अर्काचा थेंब ठेवून त्यांतून बारीक सुईनें किंचित टोंचतात, आणि पंधरा-वीस मिनिटांनीं किती मोठी गांधी उठली तें मोजतात. शेजारीं नुसत्या मिठाच्या पाण्याचा एक थेंब असतो. त्याच्यापेक्षां तीन मिलिमीटर अगर अधिक मोठी गांधी आली म्हणजे चाचणी होकारार्थी समजावयाची. रक्तांतील आय-जी-ई मोजण्याचीही सोय आहे. मूल सर्दीचें अगर खाजेचें औषध घेत असेल तर त्वचेच्या चाचणीपूर्वीं तें डॉक्टरांच्या सांगण्यावरून कांहीं दिवस थांबवावें लागतें, नाहीं तर गांधी उठतच नाहीं.

परंतु या खऱ्या तपासणीचीही एक खोड वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. तिचा नकार फार विश्वासाचा असतो, होकार तितका नसतो. कर्नाटकांत युरोपीय संशोधकांच्या सहकार्यानें एक मोठी पाहणी झाली. तिचा मोठ्या माणसांविषयींचा वृत्तांत २०१६ सालीं प्रसिद्ध झाला, त्याप्रमाणें शेंकडा २६.५ लोकांच्या रक्तांत कोणत्या ना कोणत्या अन्नाविरुद्ध आय-जी-ई सांपडलें. पण तें अन्न खाल्ल्यानें ज्यांस खरोखर बाधा होत असावी असे निघाले शेंकडा १.२. सहा ते अकरा वर्षांच्या मुलांचा वृत्तांत २०२० सालीं आला. हाँगकाँगमध्यें ज्या मुलांस अन्नाचें वावडें असण्याचा संभव दिसला तीं शेंकडा १.५ होतीं, आपल्याकडील मुलांत तें प्रमाण शेंकडा ०.१४, म्हणजे हजारांत एक-दोन. नुसत्या रक्तावर विसंबून ताटांतील अन्न काढून घ्यावयाचें ठरविलें, तर चार माणसांतील एकाचें ताट रिकामें करावें लागेल. म्हणून जाणते डॉक्टर आधीं हकीकत विचारतात, मग तिच्या अनुरोधानें दोन-चार पदार्थांचीच चाचणी करतात, आणि तरीही संशय राहिला तर रुग्णालयांत आपल्या नजरेखालीं तो पदार्थ मुलास कणाकणानें वाढवीत खाऊं घालून पाहतात. शेवटचा निकाल याच परीक्षेचा. ती घरीं करून पाहण्याचा मोह कोणीही धरूं नये.

हजारांत एक-दोन हा आंकडा वाचून ज्यांस हायसें वाटलें असेल त्यांस आतां आमच्या थोरल्या पुतण्याच्या मुलाची हकीकत सांगितली पाहिजे, कारण त्या हजारांतला तो एक आहे.

मूल दोन वर्षांचें असतां मुंबईंत कोणीं तरी त्याच्या हातीं शेंगदाण्याच्या चिक्कीचा तुकडा दिला. दहा मिनिटांच्या आंत ओंठ सुजले, अंगभर गांधी उठल्या, दोन वांत्या झाल्या, आणि खोकल्याबरोबर छातींत घुरघुर सुरू झाली. शेजाऱ्यांची गाडी होती म्हणून वेळेवर दवाखाना गांठला. पुढें महिन्याभरानें चाचणी झाली तेव्हां दाण्याच्या थेंबाच्या जागीं मोठी थोरली गांधी उठली. येथें हकीकत आणि चाचणी एकमेकींशीं जुळत होत्या, आणि संशयास जागा नव्हती. डॉक्टरांनीं सूनबाईस दोन कुप्या, पिचकारी व मांडींत टोंचण्याची रीत समजावून दिली, आणि संत्र्यावर टोंचण्याचा सराव करवून घेतला.

आतां महाराष्ट्रीय स्वयंपाकघरांतून दाणा काढावयाचा म्हणजे काय, याचा विचार करावा. कोशिंबिरींत दाण्याचें कूट, पालेभाजींत कूट, भरल्या वांग्यांत कूट, चटणी दाण्याची, आणि अलीकडे पुन्हां आवडीनें आणलें जाणारें लाकडी घाण्याचें तेलही दाण्याचें. (कारखान्यांत पूर्ण शुद्ध केलेल्या तेलांत दाण्याचा बाधणारा अंश सहसा उरत नाहीं, घाण्याच्या तेलांत तो राहूं शकतो.) आणि उपवास म्हटला म्हणजे तर सारा दाण्याचाच. इतर दिवशीं जें मूल निदान वरणभातावर सुरक्षित असतें, त्याला एकादशीसारखा धोक्याचा दिवस दुसरा नाहीं.

आषाढी एकादशीस तीं सर्वजणें पारनेरास आलीं होतीं. मूल तेव्हां चार वर्षांचें. सूनबाईनें त्याच्यापुरता बटाटा निराळ्या भांड्यांत शिजविला होता, व भगरही निराळी काढली होती. आमच्या वहिनी, म्हणजे त्या मुलाची आजी, यांस ही निराळी चूल मनांतून मान्य नव्हती. वहिनी कठोर नाहींत. त्यांनीं सहा मुलें वाढविलीं, त्यांतलीं दोन इतरांचीं. पण 'आमच्या घराण्यांत हें नव्हतें' हा त्यांचा पक्ष होता, आणि 'थोडें थोडें पोटांत गेलें कीं सवय होते' हा सिद्धान्त. सूनबाई विहिरीकडच्या नळावर हात धुण्यास गेली असतां त्यांनीं नातवाच्या कोरड्या भगरीवर चमचाभर दाण्याची आमटी घातली. कोरडी भगर घशाखालीं कशी उतरावी, एवढाच त्यांचा हेतु.

मुलानें दुसराच घांस घेतला आणि 'आजी, घशांत टोंचतें' असें तें म्हणालें. मग खोकला. मग आवाज बसला. हांक मारूं लागलें तों तोंडांतून नुसता वारा. सूनबाई धांवत आली, तिनें पान पाहिलें, आणि एक शब्द न बोलतां पिशवींतून कुपी काढली. तिचे हात कांपत होते, पण पिचकारींतील रेघ तिनें उजेडाकडे धरून पाहिली आणि मांडीच्या बाहेरच्या अंगास चड्डीवरूनच सुई घातली. आम्ही त्या वेळीं ओसरीवर होतों. हांक ऐकून आंत आलों तेव्हां मूल निजविलेलें, पाय उशीवर ठेवलेले, आणि ओंठ निळसर. पांच-सात मिनिटांत घुरघुर उतरली. तशाच स्थितींत गाडींत निजवून त्याला येथील सरकारी रुग्णालयांत नेलें, आणि उतरलेला विकार कांहीं तासांनीं परत उसळतो म्हणून रात्रभर तेथें ठेवलें. पहाटे त्यानें केळें मागितलें.

त्या कुपींत होतें तें ॲड्रेनॅलिन. तें काढून शुद्ध स्वरूपांत हातीं देणारे रसायनशास्त्रज्ञ जोकिची ताकामिने. सालें १९०० आणि १९०१. औषध स्वस्त आहे, सरकारच्या आवश्यक औषधांच्या यादींत आहे, आणि लस टोंचल्यावर क्वचित् असाच विकार होतो म्हणून लसीकरणाच्या ठिकाणीं तें ठेवण्याची पद्धत आहे. मात्रा वजनावर, दर किलोस ०.०१ मिलिग्रॅम, ती डॉक्टरांनींच ठरवून पिचकारीवर खूण करून द्यावयाची. खाजेचें पातळ औषध पाजून वाट पाहत बसणें ही सर्वांत घातक चूक, कारण त्यानें गांधी बसतील, घसा मोकळा होणार नाहीं. पारनेराहून नगर चाळीसएक किलोमीटर. मोठ्या शहरांत रुग्णालय जवळ, पण रस्ता अडलेला. गांवांत रस्ता मोकळा, पण रुग्णालय लांब. दोन्हींकडे पहिलीं दहा मिनिटें घरच्याच माणसांचीं.

वहिनींचा सिद्धान्त आम्ही सर्वस्वी हांसण्यावारी नेणार नाहीं. सवयीनें विषही सोसतें हा मनुष्यजातीचा जुना विश्वास आहे. फ्रान्सच्या शार्ल रिशे व पॉल पोर्त्ये यांचाही तोच होता. समुद्रफूल नांवाच्या जलचराचें विष कुत्र्यांस आधीं थोडें दिलें तर पुढें तें अधिक सोसेल, या अपेक्षेनें त्यांनीं प्रयोग मांडला. आणि कांहीं आठवड्यांनंतर दिलेल्या लहानशा मात्रेनें कुत्रें पाहतां पाहतां मेलें. त्यांनीं तो शोध १९०२ सालीं प्रसिद्ध केला व रिशे यांस १९१३ चें नोबेल पारितोषिक मिळालें. 'ॲलर्जी' हा शब्द व्हिएन्नाचे बालवैद्य फॉन पिर्के यांनीं १९०६ सालीं बनविला. तरी गंमत अशी कीं, शंभर वर्षांनंतर वैद्यक पुन्हां सवयीकडेच वळलें आहे. दाण्याची मिलिग्रॅमनें मोजलेली पूड रोज वाढवीत देण्याच्या एका औषधास अमेरिकेच्या सरकारनें २०२० सालीं परवानगी दिली. मात्र तेथें प्रत्येक वाढीव मात्रा डॉक्टरांसमोर द्यावयाची असते. मिलिग्रॅम आणि चमचा यांतील अंतर एवढेंच वहिनींस कोणीं आधीं समजावून सांगितलें नव्हतें. सांगितलें होतें तें 'देऊं नका' एवढेंच. आणि ज्या बाईनें पन्नास वर्षें घर जेवूं घातलें तिला कारण न देतां 'देऊं नका' म्हणणें हें आमच्या मतें सांगणेंच नव्हे. डॉक्टरांकडे मुलाबरोबर आई जाते. एकत्र कुटुंबांत वाढणारे हात मात्र चार असतात, आणि त्यांपैकीं निदान सर्वांत वडील हात तरी बरोबर न्यावा असें आम्हांस वाटतें.

आपल्या लोकांच्या वावड्याचा अभ्यास आपल्याकडे झालाच नाहीं असें मात्र नाहीं. मुंबईच्या पाटील, निफाडकर व बापट या संशोधकांनीं २००१ सालीं हरभरा हें आपल्या देशांतील बाधणारें एक प्रमुख अन्न असल्याचें दाखविलें. पाश्चात्य पुस्तकांत हरभऱ्यास एवढें स्थान नव्हतें. त्यांचाच १९९७ चा एक लेख मेथीवर आहे. दम्याच्या एका बाईनें कोंड्यावर उपाय म्हणून डोक्यास मेथीचा लेप लावला. डोकें बधिर झालें, चेहरा सुजला आणि दम उसळला. दुसऱ्या एका रोग्यास मेथीची पूड नुसती नाकांत गेल्यानें तसेंच झालें. घरांत बाळास डाळीचें पीठ व साय लावून न्हाऊं घालणाऱ्या आज्यांनीं येथें क्षणभर थांबावें. ज्या बाळाची कातडी निरोगी आहे त्याची गोष्ट वेगळी. परंतु अंगावर इसब असून कातडी फाटलेली असेल, तर तिच्यांतून अन्न शरीरांत शिरतें आणि वावड्याचें बीं पडूं शकतें. इंग्लंडांतील मुलांच्या २००३ च्या एका पाहणींत, इसबावर दाण्याचें तेल असलेलीं मलमें लावण्याचा व दाण्याच्या वावड्याचा संबंध आढळून आला होता.

त्याच पाहणीशीं ज्यांचें नांव जोडलेलें आहे त्या लंडनच्या गिडियन लॅक यांनीं पुढें २०१५ सालीं याची दुसरी बाजू सिद्ध केली. इसब किंवा अंड्याचें वावडें असलेलीं ६४० तान्हीं मुलें, वय चार ते अकरा महिने. निम्म्यांस दाणा द्यावयाचा, निम्म्यांस पांच वर्षें अजिबात नाहीं. ज्यांची आरंभींची त्वचेची चाचणी कोरी होती अशांपैकीं, दाणा टाळलेल्या मुलांत शेंकडा १३.७ जणांस वावडें जडलें. दाणा खाल्लेल्यांत शेंकडा १.९ जणांस. त्याआधीं २००० सालापासून अमेरिकेंतील बालवैद्य अशा मुलांस तीन वर्षेंपर्यंत दाणा देऊं नका असें सांगत होते. तो सल्ला त्यांनीं २००८ सालीं सोडला. उष्टावणानंतर बाळास घरच्या पानांतलें एक एक चाखवीत जाणाऱ्या आमच्या आज्यांस हें वाचून थोडा अभिमान वाटला तर तो आम्ही त्यांस खुशाल घेऊं देऊं. एवढेंच कीं दाणा अखंड देऊं नये, तो श्वासनलिकेंत अडकतो. बारीक कूट पेजेंत कालवून द्यावें. आणि इसब तीव्र असेल तर डॉक्टरांस विचारून मगच.

बाजारच्या पदार्थांविषयीं थोडें. आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांप्रमाणें बंद पुड्यांवर गव्हासारखीं धान्यें, दूध, अंडें, मासे, कवचाचे जलचर, शेंगदाणे व काजू-बदामादि, सोयाबीन आणि सल्फाइट यांचा निर्देश असावा लागतो. त्या यादींत तिळाचें नांव नव्हतें. अमेरिकेंत तें २०२३ पासून आलें. संक्रांतीच्या देशांत ही उणीव आम्हांस खटकते. आणि हलवायाच्या दुकानांत सुट्या मिळणाऱ्या बर्फीवर तर कांहींच लिहिलेलें नसतें. तेथें विचारावें, आणि उत्तर अडखळत आलें तर घेऊं नये. ज्या घरांत अंडें उंबरठा ओलांडीत नाहीं अशा घरांतील मुलेंही मुंबईंत वाढदिवसाच्या केकांतून तें खातात, हेंही आयांनीं विसरूं नये.

त्या एकादशीनंतर वहिनी दोन दिवस कोणाशीं बोलल्या नाहींत. तिसऱ्या दिवशीं त्यांनीं दाण्याच्या कुटाचा डबा, त्याचा चमचा व खलबत्ता वरच्या फळीवर नेऊन ठेवला, आणि सूनबाईस हांक मारून 'ती सुई कशी धरावयाची तें मला दाखव' म्हणाल्या. संत्रें नव्हतें म्हणून लिंबावर शिकल्या. पुढल्या एकादशीस आमटी ओल्या नारळाची झाली. शेजारच्या आजोबांनीं चवीविषयीं कुरकूर केली, ती त्यांनीं ऐकली नाहीं.

दाण्याचें वावडें पांचांतील एका मुलाचें मोठेपणीं आपोआप जातें. दुधाचें व अंड्याचें तर बहुतेकांचें शाळेच्या वयांत सुटतें. म्हणून डॉक्टर मधून मधून चाचणी पुन्हां करतात. आमच्या नातवाची पुढील चाचणी येत्या जानेवारींत मुंबईस आहे. दिनदर्शिकेच्या त्या चौकोनांत वहिनींनीं पेन्सिलीनें खूण केली आहे, आणि आपणही बरोबर जाणार असें पुतण्यास आतांपासून सांगून ठेवलें आहे.